आईची बटणं, बाबांचा रंधा

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आमच्या धाकट्यानं जेवता जेवता सांगून टाकलं, ''आई, मला इंजिनिअरिंग पुढे करायचं नाही. मी गिटार वाजवणार.''

ह्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मग ते काही न बोलता ताटावरून उठले. त्या दिवसापासून बाप-लेकाचं बोलणं बंद. ''त्याला विचार, जेवणार का'' आणि ''बाबांना सांग, किल्ली टेबलावर ठेवलीय'', असा सगळा कारभार माझ्यामार्फत. घरात दोन माणसं बोलत नसली की तिसऱ्या माणसाचं काय होतं, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

मुलाच्या खोलीत केर काढताना भिंतीवरच्या एका चित्राकडे माझं लक्ष गेलं. पांढऱ्याशुभ्र कुरळ्या केसांचं जंगल, उंच शिडशिडीत अंगकाठी, गळ्यात लाल गिटार. मी म्हटलं, ''कोण रे हे आजोबा?''

''आई, हा ब्रायन मे. 'क्वीन' बँडचा गिटारिस्ट. डॉक्टर आहे तो.''

''कसला डॉक्टर?''

''खगोलशास्त्राचा. पीएच.डी. आहे.''

मी केरसुणी खाली ठेवली आणि त्याच्या कॉटवर बसले. मी बी.ए. झालेली बाई. लता-आशा, नाट्यगीतं, भावगीतं यांत वाढलेली. रॉक म्हणजे आरडाओरडा आणि केस वाढवलेली वाया गेलेली मुलं, एवढीच माझी समजूत. पण गिटार वाजवणारा माणूस खगोलशास्त्रात डॉक्टरेट कशी मिळवतो, हे मला कळून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर ह्यांच्यासमोर मांडायला एखादा मुद्दा सापडतो का, तेही बघायचं होतं. म्हणून पुढचे काही महिने मी या माणसाविषयी मिळेल ते वाचत राहिले.

घरच्या भंगारातली गिटार

ब्रायन मेचा जन्म १९ जुलै १९४७ चा, लंडनजवळच्या हॅम्प्टनचा. आई-वडिलांचा एकुलता एक मुलगा. वडील हॅरोल्ड सरकारी विमानखात्यात ड्राफ्ट्समन होते, इलेक्ट्रॉनिक्सचे चांगले जाणकार. आई रूथ. महायुद्ध नुकतंच संपलेलं. घर साधं, पैसा मोजकाच. हॅरोल्ड युकुलेली-बँजो वाजवायचे. मुलाला त्यांनी त्यावरच पहिले सूर शिकवले आणि सातव्या वाढदिवसाला साधी गिटार आणून दिली.

पुढे मुलाला हवी झाली इलेक्ट्रिक गिटार. दुकानातली किंमत घराला परवडणारी नव्हती. आता आपल्याकडे काय होतं? एक तर ''नाही म्हणजे नाही'', नाहीतर हप्त्यावर खरेदी. हॅरोल्ड म्हणाले, आपणच बनवू. १९६३ च्या ऑगस्टमध्ये बाप-लेकांनी घरातल्या जास्तीच्या खोलीत काम सुरू केलं आणि जवळजवळ दोन वर्षं ते चाललं.

सामान काय, ते ऐका. गिटारचा लांब दांडा केला तो कुणाकडच्या तरी जुन्या शेकोटीच्या चौकटीतून निघालेल्या महोगनी लाकडाचा. लाकूड शंभर वर्षांहून जुनं, त्याला किडीची भोकं. ती त्यानं आगकाडीच्या काड्या घालून बुजवली. गिटारच्या पोटासाठी एका जुन्या टेबलाचं ओक लाकूड. तारा ताणणारी-सैलावणारी जी यंत्रणा असते, तिच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या इंजिनातल्या. त्या यंत्रणेचा हातातला दांडा सायकलच्या कॅरियरचा. दांड्याच्या टोकाला बसवलं आईच्या विणकामाच्या सुईचं टोक! आणि पट्टीवर जे पांढरे ठिपके चमकतात ना, ती आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. आपल्या प्रत्येकीकडे असा डबा असतो. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात जुन्या शर्टांची बटणं, हुक, रिळं, तुटलेली चेन. ''असू दे, कधीतरी लागेल'' म्हणून जपलेला. रूथबाईंच्या डब्यातली बटणं पुढे लाखो लोकांसमोर झळकली.

सगळा खर्च आला सुमारे आठ पौंड. या गिटारचं नाव 'रेड स्पेशल'. गंमत म्हणजे पुढे जगातली कुठलीही महागडी गिटार विकत घेण्याची ऐपत आली, तरी ब्रायन मेनं हीच वाजवली. साठ वर्षं झाली, अजूनही तीच मुख्य. ती वाजवायला प्लॅस्टिकचा तुकडाही नाही, सहा पेन्सांचं जुनं नाणं. ते नाणं १९८० मध्ये चलनातून गेलं, त्याच्या बोटांत मात्र राहिलं. नाण्याच्या कडक कडेमुळे तारेवरचा ताबा चांगला राहतो, असं त्याचं म्हणणं.

पाचगणीचा मित्र

मुलगा अभ्यासातही हुशार. गणित आणि भौतिकशास्त्र आवडीचे विषय. १९६८ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजातून त्यानं भौतिकशास्त्राची पदवी चांगल्या वर्गात मिळवली. मग तिथंच पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय होता सूर्यमालेतली धूळ. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, अगदी काळोख्या जागेवरून आकाशात एक फिकट उजेडाचा पट्टा दिसतो. त्याला राशिचक्रीय प्रकाश म्हणतात. सूर्याभोवती फिरणाऱ्या बारीक धुळीवरून सूर्याचा उजेड परततो, म्हणून तो दिसतो. ही धूळ कुठल्या दिशेनं, किती वेगानं फिरते, हे ब्रायनला मोजायचं होतं. त्यासाठी तो स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या डोंगरात जाऊन निरीक्षणं घेऊन आला. १९७२ मध्ये 'नेचर' या नामांकित विज्ञान नियतकालिकात त्याचा सहलेखक म्हणून निबंधही छापून आला.

दुसरीकडे गाणंबजावणं चालूच. मित्रांबरोबर त्यानं 'स्माइल' नावाचा बँड काढला होता. त्यात ड्रम वाजवायला रॉजर टेलर. बँडच्या गायकाचा एक दोस्त तालमींना येऊन बसायचा आणि न विचारता सल्ले द्यायचा. त्याचं नाव फारूख बुलसारा. जन्म झांजिबारचा, घर पारशी. आणि मैत्रिणींनो, शाळा कुठली? आपल्या पाचगणीची! सेंट पीटर्स. आठव्या वर्षी त्याला तिथल्या वसतिगृहात ठेवलं होतं. पियानो त्याचा तिथं पक्का झाला, पहिला बँड तिथंच निघाला आणि 'फ्रेडी' हे नावही तिथलंच. पाचगणीला आपण स्ट्रॉबेरी खायला जातो, टेबल लँडवर घोड्यावर बसतो. त्याच थंड हवेत एक पोरगा आईबापांपासून हजारो मैलांवर, वसतिगृहात मोठा होत होता.

१९६४ मध्ये झांजिबारमध्ये उठाव झाला आणि बुलसारा कुटुंब सगळं सोडून इंग्लंडला आलं. राहिलं ते फेल्टममध्ये, मे कुटुंबाच्या घरापासून चालत काही मिनिटांवर. पण दोन्ही मुलांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ओळख झाली ती पुढे, गाण्यामुळे. १९७० मध्ये 'स्माइल' मोडला आणि फ्रेडी, ब्रायन, रॉजर यांनी 'क्वीन' उभा केला. १९७१ मध्ये जॉन डीकन आला आणि चौघे पूर्ण झाले.

बाप बोलेना

पहिली काही वर्षं ओढाताणीची. ब्रायन दिवसा लंडनच्या एका सरकारी शाळेत गणित शिकवायचा, मधल्या वेळात प्रबंध लिहायचा, रात्री तालीम. १९७३ मध्ये पहिली रेकॉर्ड आली. १९७४ मध्ये दौरे वाढले आणि प्रबंध बाजूला पडला. बरंचसं लिहून झालं होतं, थोडंच उरलं होतं. तरी तो बाजूला ठेवून मुलगा गिटार घेऊन निघाला.

हॅरोल्डना हे सहन झालं नाही. ज्यांनी स्वतःच्या हातांनी मुलाबरोबर गिटार बनवली, त्याच बापाला मुलानं गिटारसाठी शिक्षण सोडणं म्हणजे आयुष्याची माती करणं वाटलं. बराच काळ दोघांचं बोलणं जवळजवळ तुटलं. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर आमचं जेवणाचं टेबल आलं.

आधी मला हॅरोल्डचा रागच आला. पण नंतर वाटलं, त्यांचं चुकलं कुठे? मोजक्या पगारात घर चालवलेला माणूस. एकच मुलगा, तोही एवढा हुशार. पदवी, संशोधन, कायमची नोकरी, हे सगळं हाताच्या अंतरावर आलेलं. ते सोडून पोरगं भाड्याच्या खोलीत राहतं आणि रात्री-बेरात्री वाजवत फिरतं. कुठल्या बापाला झोप लागेल? आमच्या ह्यांनाही लागत नव्हती. रात्री दोनला उठून पाणी प्यायचे, मला ऐकू यायचं.

ब्रायनच्याही वाट्याला लगेच फुलं आली नाहीत. १९७४ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या दौऱ्यात त्याला कावीळ झाली आणि दौरा अर्धवट टाकून परतावं लागलं. त्यानंतर पोटाच्या अल्सरनं पुन्हा दवाखाना. बाकीचे तिघे स्टुडिओत आणि हा खाटेवर. आपल्या जागी दुसरा कुणी घेतील की काय, ही धास्ती. त्यांनी घेतला नाही. त्याचे भाग रिकामे ठेवले आणि तो बरा होऊन आल्यावर भरून घेतले.

१९७५ मध्ये 'बोहेमियन रॅप्सडी' आलं आणि इंग्लंडमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या नंबरवर राहिलं. त्याच रेकॉर्डवर ब्रायननं लिहिलेलं 'थर्टी नाइन' नावाचं गाणं आहे. अवकाशात गेलेले लोक एक वर्षानं परत येतात आणि बघतात तर पृथ्वीवर शंभर वर्षं उलटून गेलेली. आइन्स्टाइनचा सिद्धांत त्यानं लोकगीताच्या चालीत बसवला! १९७७ मध्ये त्यानं 'वी विल रॉक यू' लिहिलं. क्रिकेटच्या मैदानात दोन वेळा पाय आपटून एक टाळी वाजवतात ना, ते तुम्ही नक्की ऐकलंय. त्यात ड्रम नाहीत. चार-दोन माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले आणि ब्रायननं तोच आवाज वेगवेगळ्या अंतरानं उशिरा ऐकू येईल असा जोडला. ही अंतरं त्यानं मूळ संख्यांच्या हिशेबानं धरली, म्हणून हजारो लोक पाय आपटताहेत असं वाटतं. शाळेत शिकवलेलं गणित असं उपयोगी पडलं.

दशकाच्या उत्तरार्धात 'क्वीन'चा कार्यक्रम न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होता. ब्रायननं आई-वडिलांना कॉन्कॉर्ड विमानानं तिथं नेलं. विमानखात्यात उभी हयात काढलेल्या बापाला त्या काळातल्या अतिशय वेगवान प्रवासी विमानात बसवलं. त्या रात्री हॅरोल्डनी हजारो लोकांना आपल्या घरात बनलेल्या गिटारवर डोलताना पाहिलं. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी मुलाचा हात हातात घेतला आणि आता मला कळलं, अशा अर्थाचं काहीतरी बोलले. बापलोक जास्त बोलत नाहीत. तेवढ्यानं पुरलं.

पडझड आणि सावरणं

१३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' झालं. त्यातली 'क्वीन'ची वीस-एक मिनिटं आजही लोक काढून बघतात. पण यश घराची सगळी दारं बंद करत नाही. १९८८ मध्ये हॅरोल्ड गेले. त्याच सुमारास ब्रायनचा पहिला संसार मोडला. पदरात तीन मुलं होती. २४ नोव्हेंबर १९९१ ला फ्रेडी गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. आपल्याला एड्स असल्याचं त्यानं आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं.

ते दिवस आठवा. एड्स झालेल्याच्या घरचं पाणी लोक पीत नसत. आमच्या गावात मी महिला मंडळातर्फे माहिती सांगायला जायचे, तेव्हा कितीतरी वर्षांनंतरही बायका ''ताई, असल्या गोष्टी नकोत'' म्हणून दार लावून घ्यायच्या. फ्रेडीच्या मित्रांनी दार लावलं नाही. १९९२ मध्ये वेम्ब्लीवर त्याच्या नावानं मोठा कार्यक्रम केला आणि एड्सविरोधी कामासाठी मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट काढला.

पण बाहेर हे सगळं करणारा ब्रायन आतून खचला होता. जगणं नको वाटण्याइतकं नैराश्य त्याला आलं. त्यानं ते लपवलं नाही. अमेरिकेतल्या एका उपचार केंद्रात राहून उपचार घेतले आणि पुढे मुलाखतींतून उघड सांगितलं. मनाच्या दुखण्याला औषध असतं आणि ते घेण्यात कमीपणा नाही, हे एवढ्या मोठ्या माणसानं सांगणं मला फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे अजूनही ''डोक्यावर परिणाम झालाय'' म्हणून घरात झाकून ठेवतात. २००० मध्ये त्यानं अभिनेत्री अनिता डॉब्सनशी लग्न केलं. पडत्या काळात तिनं खूप सांभाळलं, असं तो सांगतो.

तेहतीस वर्षांनी

आता माझ्या सगळ्यात आवडीचा भाग. त्या अर्धवट प्रबंधाचे कागद ब्रायननं टाकून दिले नव्हते. २००६ मध्ये त्यानं इम्पिरियल कॉलेजात पुन्हा नाव नोंदवलं. खगोलशास्त्राचे प्राध्यापक मायकेल रोवन-रॉबिन्सन मार्गदर्शक झाले. मधल्या काळात त्या धुळीवर फारसं काम झालं नव्हतं, त्यामुळे जुनी निरीक्षणं अजून उपयोगाची होती. तरी तीस वर्षांत जगात जे लिहिलं गेलं ते सगळं वाचायचं, जुने हिशेब पुन्हा तपासायचे, चुका दुरुस्त करायच्या. जगप्रसिद्ध माणूस रोज विद्यार्थ्यासारखा टेबलाशी बसला. ऑगस्ट २००७ मध्ये तोंडी परीक्षा झाली आणि प्रबंध मान्य झाला. वय होतं साठ. मे २००८ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झगा घालून त्यानं पदवी घेतली.

तिथं तो थांबलाही नाही. २००८ ते २०१३ तो लिव्हरपूल जॉन मूर्स विद्यापीठाचा कुलपती होता. २०१५ मध्ये 'न्यू होरायझन्स' यान प्लूटोजवळून गेलं, तेव्हा त्या चित्रांतून खोली जाणवेल अशी जोडचित्रं बनवण्यात त्यानं हात लावला. २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरच्या जोडचित्रांच्या पुस्तकात त्याचा वाटा होता. त्याच वर्षी तो 'सर' झाला. २०२० मध्ये हृदयविकाराचा झटका येऊन तीन स्टेंट बसले. २०२४ मध्ये अर्धांगाचा सौम्य झटका आला आणि डाव्या हाताचा ताबा काही काळ सुटला. गिटारवाल्याचा डावा हात! पण थोड्याच दिवसांत, आपण पुन्हा वाजवू शकतो, असं त्यानं लोकांना कळवलं.

मी हे सगळं वाचलं ते मुलाच्या बाजूनं मुद्दा शोधायला. सापडलं वेगळंच. ब्रायन मेची गोष्ट ''शिक्षण सोड आणि गिटार वाजव'' असं सांगत नाही आणि ''आधी डिग्री घे'' असंही सांगत नाही. तो आधी काही वर्षं शाळेत शिकवत, अभ्यास करत, बँड चालवत राहिला. रेकॉर्ड निघाल्यावर, दौरे ठरल्यावर त्यानं एक गोष्ट बाजूला ठेवली. बाजूला ठेवली, फेकली नाही. कागद जपले, आणि वेळ आली तेव्हा उघडले. आईनं बटणं जपली, तशीच.

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीजणींचे असे कागद कपाटात आहेत? माझंच बघा. एम.ए.चा पहिला भाग झाला आणि लग्न ठरलं. ''पुढे बघू'' म्हटलं, ते आजतागायत. आमच्या बचत गटात दहावी राहिलेल्या किती बायका आहेत! त्यांना मी सांगते, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची दारंही घरबसल्या शिकणाऱ्यांसाठीच आहेत. वयाची लाज वाटली तर साठाव्या वर्षीचा तो पांढऱ्या केसांचा विद्यार्थी आठवा.

आणि आमच्या घरचं? निकाल लागलेला नाही, खोटं कशाला सांगू. मी दोघांना एकदाच बसवून हॅरोल्डची गोष्ट सांगितली. मुलगा म्हणाला, ''आई, ते मला माहीत होतं.'' हे काहीच म्हणाले नाहीत. पण या पावसाळ्यात दमट हवेनं मुलाच्या गिटारची तारा धरणारी लाकडी पट्टी पोटापासून सुटली. तो ती घेऊन ओसरीवर हिरमुसून बसला होता. हे ऑफिसातून आले, चपला काढल्या, क्षणभर बघत उभे राहिले. मग आत जाऊन फेव्हिकॉल आणि पॉलिश पेपर घेऊन आले. म्हणाले, ''जुना गोंद आधी खरवडून काढ. नाहीतर धरणार नाही.''

सात महिन्यांनंतर थेट त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. मग दोघं तासभर खरवडत बसले. पट्टी दाबून धरायला वजन हवं म्हणून माझा वरवंटा फडक्यात गुंडाळून नेला. दुसऱ्या दिवशी चटणी वाटायची होती, पण मी मागितला नाही. परीक्षा तो देणार आहे, एवढं कबूल झालंय. पुढचं पुढे.

वरवंटा दोन दिवस त्या गिटारवरच होता.